गाण्याची जबानी

गाणं ऐकायला येऊन गवयाकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे घरमालक. अमरावतीला अंबागेटाच्या आत त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत ते एकटे राहायचे आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही मायलेकी भाड्यानं. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली बसून ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, म्हणून सारं गाव त्यांना मुन्शीजी म्हणे. मीही तेच म्हणायची.

गणपतीच्या दिवसांत कापसाच्या एका जिनवाल्या शेटजींच्या अंगणात बाहेरगावचे एक नामांकित गवई आले होते. मुन्शीजी अगदी पहिल्या रांगेत, पण तोंड आमच्याकडे. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, हातात शिसपेन्सिल. एकेका श्रोत्याच्या चेहऱ्याकडे ते असं टक लावून पाहत होते, की लोकांना आपल्या कपाळावर काही लागलंय की काय असं वाटून हात फिरवावासा वाटे. गवयांनी थोडा वेळ सोसलं. मग आलाप मध्येच तोडून म्हणाले, "हे गृहस्थ माझ्यावर रुसले आहेत का?"

मुन्शीजींनी मान वळवली. "नाई जी, रुसाचं काय? तुमी तुमचं काम करा, मी माह्यं करून राहिलो."

अंगणभर हशा पिकला. गवई भले होते म्हणून निभावलं, नाहीतर शेटजींनी त्यांना उचलूनच बाहेर ठेवलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले तर हे दारात उभे. "मास्तरीणबाई, दुसऱ्या चिजेच्या वक्ती तुमी हातातली बांगडी गोल गोल फिरवत होत्या. काहून?" मला इतका संताप आला, की मी तरातरा चालू लागले. ते कोपऱ्यापर्यंत मागं आले.

त्यांना स्वतःला सुरातलं काडीचं कळत नव्हतं. भीमपलास कोणता आणि पूरिया कोणता, हे गळ्यावर सुरी ठेवली तरी सांगता आलं नसतं. भैरवी मात्र ते बरोबर ओळखत, कारण ती सुरू झाली की लोक चपलांकडे पाहू लागतात.

मी अकोल्याची. वडील गेले आणि मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून आईला घेऊन अमरावतीला आले. एकटी बाई, लग्न न झालेली, शिकवणारी, सोबत विधवा आई. जागा द्यायला जो तो आढेवेढे घ्यायचा. मुन्शीजींनी ना जात विचारली ना लग्नाचं. खोली दाखवण्याआधी त्यांनी एवढंच विचारलं, "गानं ऐकल्यावर तुमाले काय होते?"

मी चिडून म्हटलं, "शाळेत प्रार्थना सुरू झाली की मला जांभया येतात."

"खरं बोलनारं मानूस हाय," ते म्हणाले, आणि किल्ली दिली. माझ्या जांभया त्यांनी त्याच दिवशी कागदावर उतरवल्या होत्या, हे मला फार पुढे कळलं.

पुढच्या खोलीत त्यांचं एक कपाट होतं. त्यात एकाच विषयाची पुस्तकं : गाण्यानं माणसाच्या मनाचं काय होतं. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाची त्यात शिरायची प्राज्ञा नव्हती, पंचांगसुद्धा बाहेर खिळ्याला टांगलेलं असे. कुण्या परदेशी डॉक्टरनं लिहिलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कानाच्या आतल्या शंखाच्या चित्रांचं. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात ते त्यांना मिळालं होतं. एक काशीकडचं हिंदी होतं, त्यात कोणत्या रागानं कोणता विकार जातो याची काढ्यांसारखी यादी. बाळापूरच्या एका काझींच्या घरून आणलेली हातानं लिहिलेली उर्दू वही होती. मराठी दोन होती, पण त्यांची चव आधी वाळवीनं घेतली होती. सगळ्यांना जुन्या अर्जांच्या कागदांची कव्हरं, त्यामुळे कपाट उघडलं की आतून 'गरीबपरवर, अर्जदाराची नम्र विनंती की' असं चहूबाजूंनी सुरू होई.

ती पुस्तकं आज माझ्याकडे आहेत. समासात मुन्शीजींच्या सुरेख अक्षरातले शेरे आहेत. 'साक्षीदार कोण?' 'ऐकीव.' 'उलटतपासणी झाली नाही.' काशीच्या पुस्तकात एका रागानं उन्माद शमतो असं म्हटलंय, त्यासमोर तिरकं लिहिलंय : 'कोणाचा? केव्हा? गाव?'

त्यांचं इंग्रजी कचेरीपुरतं. म्हणून संध्याकाळी शाळेतून आल्यावर ते मला परदेशी डॉक्टरचं पुस्तक वाचून दाखवायला बसवत. मी एक परिच्छेद वाचायची, मराठीत सांगायची, आणि ते ओट्यावर उकिडवे बसून वकिलासारखे तुटून पडत. एकदा त्या डॉक्टरनं आपल्या विद्यार्थ्यांना वाद्य ऐकवून काय वाटलं ते विचारल्याचं आलं. मुन्शीजी हसले.

"आपल्याच पोराइले इचारलं? मास्तराले खूश कराले पोरं काय बी सांगतात. तुमी मास्तरीन हा, तुमाले मालूम नाई?"

"मालूम आहे," मी म्हटलं.

"मंग टाका त्या पानावर काट."

आणि हाच माणूस स्वतः काय करायचा? गल्लीत कुठं भजन होवो, कुणाच्या लग्नात चौघडा वाजो, दुसऱ्या दिवशी हे दारोदार जाऊन जबान्या घ्यायचे. 'मी अमुक, धंदा अमुक, राहणार बुधवारा, शपथेवर लिहून देतो की, काल गाणे ऐकत असता माझ्या मनास अमुक झाले.' खाली सही किंवा अंगठा, बाजूला दोन साक्षीदार, आणि रागाचं नाव गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला विचारून. शाई आणि अंगठ्याचा पॅड त्यांच्या पिशवीत कायमचा. या जबान्यांची जाड मिसल, कचेरीत खटल्याची असते तशी, त्यांनी लाल फडक्यात बांधून ठेवली होती, आणि पुस्तकं खोटी पडली तरी ही मिसल पडायची नाही अशी त्यांची खात्री होती. शेजारच्या शिंप्याची डोकेदुखी पूरियानं गेली होती. पेन्शन घेतलेल्या एका जमादाराला मारवा ऐकून रडू आलं होतं. रोज सकाळी वांगी-मेथीची पाटी घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या बाईनं मात्र सांगितलं होतं, "मले तं भूक लागली बा." मुन्शीजींनी तेही शब्दाला शब्द उतरवलं. मिसलीत खाडाखोड त्यांना चालत नसे.

हे सारं कशासाठी, हे पहिले सहा महिने मला माहीत नव्हतं. माणूस विक्षिप्त आहे, निरुपद्रवी आहे, भाजी चांगली करतो, असं माझं मत. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते धुतलेलं धोतर नेसून बडनेऱ्याला नागपूरची गाडी धरायला निघत. हंगाम असला तर वरूडकडची संत्री, नसला तर फुटाणे आणि गूळ सोबत. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, कुणाचं ना कुणाचं काम नागपूरला असायचंच, म्हणून मी विचारलं नव्हतं. आईनं विचारलं. आई विचारल्याशिवाय राहत नसे.

"कोन हाय नागपूरले?"

"भाऊ हाय, वहिनी. पागलखान्यात."

धाकटा भाऊ नाटक मंडळीत पेटी वाजवायचा. मंडळीचा मुक्काम अकोल्याला असताना एका दुपारी तो तालमीला पेटीवर बसला, तो उठेचना. तालीम संपली, माणसं जेवून आली, ह्याचं चालूच. बोटं सोलवटली. पेटी ओढून घेतली तेव्हा तो जमिनीवर वाजवू लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाण्यानंच डोकं फिरलं, आता गाणं कानावर पडू देऊ नका. नागपूरच्या इस्पितळातल्या डॉक्टरांचं म्हणणं उलटं : गाण्यानंच कदाचित हा माणूस जागेवर येईल. इस्पितळात गाणं नव्हतं, तो शांत होता. घरी न्या, असं डॉक्टर नऊ वर्षं म्हणत होते. पण घर अंबागेटात. सकाळी काकडआरती, संध्याकाळी भजन, लग्नसराईत चौघडा आणि बँड. डोळे मिटता येतात, कान कसे मिटणार?

"औशध हाय का जहर हाय, हे समजल्याबिगर घरी कसा आनू त्याले?" मुन्शीजी म्हणाले. "पुरावा पुरा व्हाचा हाय."

नऊ वर्षं हा माणूस पुस्तकं गोळा करत होता, चेहरे वाचत होता, अंगठे घेत होता, ते एवढ्यासाठी. मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी ते इंग्रजी पुस्तक घाईघाईनं वाचणं सोडलं, अडलेला शब्द डिक्शनरीत पाहू लागले.

वडील गेल्यापासून आईची झोप उडाली होती. हे मुन्शीजींना कळलं आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांनी अकोल्याहून एक फोनो आणवला, सोबत चार तबकड्या. रोज दिवेलागणीला आमच्या दाराची कडी वाजे. फोनो ओट्यावर मांडायचा, चावी फिरवायची, सुई ठेवायची, आणि फोनोकडे पाठ करून आईच्या तोंडाकडे बघत बसायचं. तबकडी कोणती लागली हे त्यांना कळत नसे, म्हणून प्रत्येकीवर त्यांनी कागदाची चिठ्ठी डकवली होती. सकाळी पुन्हा कडी.

"वहिनी, झोप?"

"नाई."

बारा दिवस हे चाललं. 'नाई' ऐकलं की ते हूं म्हणून परत जात, पण जाताना त्यांची पाठ पाहवत नसे. तेराव्या दिवशी सकाळी आईनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "लागली बा. चांगली लागली."

चहा तसाच टाकून ते कागद आणायला पळाले. आईसारखी साक्षीदार त्यांना साऱ्या मिसलीत मिळाली नव्हती. नात्याची नाही, लोभ नाही, वय पोक्त, आणि तोंडावर नाही म्हणणारी. बारा दिवस म्हणून दाखवलंच होतं! आईनं वडिलांनी शिकवलेली सही केली. मुन्शीजींनी शाई फुंकून वाळवली.

"पुरावा पुरा झाला, मास्तरीणबाई. पुढच्या रविवारी आनतो त्याले."

मग त्या घरात लगीनघाई उडाली. फोनोच्या शेजारी भावासाठी बाज टाकली. आणखी तबकड्या आल्या. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, असं तीनदा त्याला ऐकवायचं, असा तक्ता भिंतीवर लागला. नऊ वर्षं ज्या कानांवर गाणं पडलं नव्हतं त्यांच्यासाठी हे सारं.

आणि आई झोपत नव्हती. मी तिच्याशेजारी निजायची, मला तिचं कूस बदलणं ठाऊक होतं. आधी मी स्वतःची समजूत घातली, की चांगलंच झालं, त्या निमित्तानं भाऊ घरी येतोय. भिंतीवरचा तक्ता पाहिला आणि ती समजूत टिकली नाही. त्या गुरुवारी शाळेतून आल्या आल्या मी आईसमोर उभी राहिले. ती भाकरीचं पीठ मळत होती.

"तुले झोप लागत नाई, मंग सही काहून केली?"

"बारा दिवस त्या मानसाचं तोंड पाह्यलं मी," ती म्हणाली. "नाई म्हनलं का असं उतरते, जसं कोनी घरातलं गेलं. तेराव्या दिवशी जीभ वळली नाई."

"अन् अकोल्याच्या डॉक्टरचं खरं निघालं तं? तीन वक्त फोनो लावनार हायेत ते, तुह्या सहीच्या भरवशावर."

आईचे हात परातीत तसेच राहिले. तिनं एवढा विचार केला नव्हता. माझ्या आईचं असंच, दया आली की ती पुढचं पाहत नसे, आणि चूक कळली की क्षणभर थांबत नसे. पिठाच्या हातांनीच ती उठली आणि पुढच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

"मुन्शीजी, मी खोटी बोलली."

ते एका तबकडीवर चिठ्ठी डकवत होते. "काय खोटं?"

"झोपेचं. एक दिवस लागली नाई मले. तुमाले वाईट वाटन म्हनून बोलली."

मला वाटलं होतं ते रागावतील. ते फार हळू म्हणाले, "माह्यासाठी बोलल्या?"

"हो."

"मंग बाकीचे?"

हा प्रश्न आमच्या डोक्यातच आला नव्हता. त्यांच्या आला, कारण शेवटी माणूस कचेरीत मुरलेला. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळीच त्यांनी लाल फडकं काखेत मारलं आणि मला म्हणाले, "चाला. तुमी पंच."

मी तो दिवस विसरणार नाही. हसू येत होतं आणि रडूही येत होतं. आधी शिंप्याकडे गेलो. मुन्शीजींनी त्याची जबानी वाचून दाखवली आणि म्हणाले, "देवाची आन हाय तुले. डोकं दुखाचं राह्यलं होतं का?"

शिंपी मशीनचं चाक हातानं धरून बसला. "डोकं तं माह्यं कधी दुखतच नोतं, मुन्शीजी. तुमी इचारलं दुखते का, मी म्हनलं दुखते. तुमी इचारलं राह्यलं का, मी म्हनलं राह्यलं. माह्या घराच्या भांडनाचा अर्ज तुमीच लिहून देला, पैशासाठी हातही पसरला नाई. तुमाले नाई कसं म्हनाव?"

जमादार जरा लाजले. डोळ्यांतून पाणी आलं होतं हे खरं, पण मोतीबिंदूमुळे ते बारा महिने येतच होतं. त्यांच्या पेन्शनीचा अर्जही मुन्शीजींचाच. मग एकेक दार. कुणाच्या जन्माचा दाखला, कुणाच्या पोराचा अर्ज, कुणाची बांधावरची तक्रार. अंबागेटापासून बुधवाऱ्यापर्यंत असा एक साक्षीदार नव्हता ज्याचा कागद त्यांनी कधी लिहिला नव्हता, आणि असा एक नव्हता ज्यानं त्यांचं मन मोडलं होतं. परदेशी डॉक्टरच्या विद्यार्थ्यांना हसणाऱ्या माणसानं आपली सगळी मिसल त्याच मातीवर उभारली होती! त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

कोपऱ्यावर भाजीवाली पाटी उतरवून बसली होती. मुन्शीजी तिच्यासमोर उभे राहिले, पण विचारायचं त्राण उरलं नव्हतं. मीच विचारलं, "मावशी, त्या भजनाच्या वेळी तुम्हाला भूक लागली होती, ते खरं का?"

"खोटं काहून बोलीन बाई? पहाटपासून उपाशी होती. आता बी लागली हाय."

एवढी एक जबानी टिकली. घरी आल्यावर त्यांनी ती वेगळी काढली आणि उरलेली मिसल कपाटाखाली सरकवली.

शनिवारी ते कचेरीत गेले नाहीत. कडुलिंबाखाली पक्षकार वाट पाहून घरी आले, त्यांना आईनं परत पाठवलं. भिंतीवरचा तक्ता निघाला होता. आई भाकरी घेऊन गेली तर ते बाजेवर बसलेले, भावाच्या बाजेवर.

"उद्या रविवार हाय," आई म्हणाली.

"जाऊन काय करू, वहिनी? नऊ वरसं वाचलं, नऊ वरसं इचारलं. मले काईच मालूम नाई."

"मंग मालूम नसताच जा. दर खेपेले भेटाले तं जाता ना? त्यानं काय वाट पाहाची नाई?" आणि माझ्याकडे वळून, "पोरी, तू जा संगं. हे एकटे गेले तं बडनेऱ्याहूनच परत येतीन."

मी गेले. गाडीत ते खिडकीबाहेर पाहत होते, मांडीवर संत्र्यांची पिशवी. सवयीनं ते डब्यातल्या माणसांचे चेहरे वाचतील असं मला वाटलं होतं. एकाकडेही पाहिलं नाही.

इस्पितळाचे डॉक्टर दरवेळेसारखंच म्हणाले, "काय मुन्शीजी, नेता का या खेपेला?" त्यांना उत्तर पाठ होतं, ते पुढच्या दाराकडे वळलेसुद्धा. मुन्शीजींनी तोंड उघडलं, पुरावा हा शब्द ओठांवर आला असावा, आणि तिथंच विरला. मग म्हणाले, "कागद तं द्या. पाहू."

कारकुनानं छापील कागद दिला. हे त्यांचं रोजचं काम. नाव, बापाचं नाव, गाव, नातं, जबाबदारी घेणाऱ्याचा धंदा, रकान्यांमागून रकाने त्यांनी मोत्यांसारख्या अक्षरात भरले. दुसऱ्या जबाबदार इसमाच्या जागी माझं नाव घातलं. मग आला रकाना 'घरी नेण्याचे कारण', आणि टाक थांबला. साऱ्या जिल्ह्याला कारणं शोधून देणारा माणूस. लोक नुसतं रडत यायचे, आणि हे त्या रडण्यातून चार कलमं काढून द्यायचे. त्यांनी टाक दौतीत बुडवला, टेकवला, उचलला, पुन्हा बुडवला. कागदावर एक डाग पडला. मुन्शीजींच्या कागदावर मी पाहिलेला तो पहिला डाग.

तेवढ्यात भावाला आणलं. बारीक केलेले केस, धुतलेला सदरा, चेहरा मुन्शीजींचाच, जरा उन्हात ठेवून विटलेला. तो बाकावर बसला, पिशवीतून एक संत्रं काढलं आणि सावकाश सोलू लागला. ओळख ना पाळख, पण पहिली फोड त्यानं मला दिली. मग मुन्शीजींच्या हाताकडे पाहिलं.

"काय लिहून राहिला दादा?"

"अर्ज."

"कोनाचा?"

"तुह्या. तुले घरी नेयाचा." मुन्शीजींनी कागद त्याच्यापुढे धरला. "कारन ल्याहा लागते रे. घरी लय गानं वाजते. त्यानं तुह्यं बरं होईन का वाईट, मले समजलंच नाई. गंज पुस्तकं वाचली, कपाटभर. गावभर इचारलं."

भावानं फोड तोंडात टाकली, बी तळहातावर काढली. तो विचार करत होता, आणि त्याला घाई नव्हती.

"मले इचार ना मंग," तो म्हणाला.

कारकून आमच्याकडे पाहत होता. मुन्शीजींनी कागद सरळ केला, बसायची ढब बदलली, आणि कडुलिंबाखाली कुणाही पक्षकाराला विचारावं तशा आवाजात विचारलं, "सांग. काय ल्याहू?"

"लिही, मले घरी याचं हाय."

"अन् गानं?"

"वाजलं तं वाजलं. नाई सोसलं तं सांगन तुले. मले तोंड हाय ना."

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, "साऱ्या अमरावतीची जबानी घेतली मी. याची नाई घेतली."

त्यांनी ते वाक्य भाऊ बोलला तसंच, वऱ्हाडीतच, एक अक्षर इकडचं तिकडं न करता रकान्यात लिहिलं. खाली भावाची सही घेतली. त्यानं ती सावकाश, पूर्ण केली. मी माझी केली. कारकुनानं कागद उलटसुलट पाहिला, असं कारण त्यानं बहुधा आजवर वाचलं नव्हतं, आणि शिक्का मारला. भावानं उरलेलं अर्धं संत्रं त्याच्या टेबलावर ठेवलं आणि आपलं गाठोडं आणायला आत गेला.